फाफेनहाउझेनची पिवळी मोटार

म्युनिक सोडून पश्चिमेला निघालं की बव्हेरियाचा स्वाबिया नावाचा पट्टा लागतो. कुरणं, गोठे, कांद्याच्या आकाराचे घुमट असलेली चर्च आणि मधूनच एखादं बाजारगाव. मिंडेल नदीच्या काठचं फाफेनहाउझेन हे त्यांतलंच एक. वस्ती अडीच हजारांच्या आसपास. १९८७ साली या गावातल्या एका गॅरेजने बांधलेली पिवळी मोटार नामांकित कंपन्यांच्या गाड्यांबरोबर चाचणीला उतरली आणि ताशी ३३९ किलोमीटरचा वेग गाठून सगळ्यांच्या पुढे गेली. ज्या पोर्शे कंपनीच्या मोटारीवर ती बेतलेली होती, त्या कंपनीची सर्वांत महागडी गाडीसुद्धा तिच्या मागे राहिली.

त्या आकड्यामुळे रूफ हे नाव मोटारवेड्यांच्या तोंडी झालं. आकड्यामागे मात्र जवळपास पन्नास वर्षांची कारागिरी होती, आणि तिचा इतिहास त्या विक्रमाहून अधिक सांगण्यासारखा आहे. दुसऱ्याने बनवलेली मोटार दुरुस्त करता करता एक गॅरेज त्या मोटारीला तिच्या जन्मदात्यांइतकं, काही बाबतींत त्यांच्याहूनही जास्त ओळखू लागलं. अखेर जर्मन सरकारने या गॅरेजला मोटार-उत्पादक म्हणून मान्यता दिली.

आलोइस रूफ यांनी गॅरेज सुरू केलं ते १९३९ साली. त्याच वर्षी युरोपात महायुद्ध पेटलं. गॅरेज कुठल्याही एका कंपनीचं नव्हतं. गावात जी गाडी बंद पडेल ती तिथे यायची. युद्धानंतर, १९४९ मध्ये, त्याच आवारात पेट्रोल पंप आला. जर्मनी हळूहळू सावरत होता, लोकांच्या हातात पैसा येऊ लागला होता आणि सहलींना निघण्याची हौसही. आलोइस रूफना प्रवासी बस चालवायची होती. मनासारखी बस मिळेना, तेव्हा १९५५ मध्ये त्यांनी स्वतःच एक पूर्ण आकाराची बस बांधायला घेतली आणि पुढे बसचा स्वतंत्र व्यवसायही उभा केला. ‘मिळत नाही, तर बांधू’ हा या घराण्याचा स्वभाव इथेच दिसतो. पुढची सगळी कथा त्याच स्वभावाची आहे.

१९६३ साली हेच रूफ आपली बस चालवत चालले असताना एक पोर्शे ३५६ त्यांना ओलांडून पुढे गेली. पुढे जाताच चालकाचा ताबा सुटला आणि गाडी रस्ता सोडून उलटली. रूफनी बस थांबवून चालकाला मदत केली. नंतर त्यांनी ती मोडकी पोर्शे विकत घेतली, गॅरेजमध्ये आणून नीट केली आणि स्वतः वापरू लागले. एके दिवशी म्युनिकमध्ये कुणीतरी ती गाडी पाहिली आणि तिथल्या तिथे मागितली. रूफनी विकून टाकली. एका अपघातग्रस्त गाडीने त्यांना दोन गोष्टी दाखवल्या होत्या: पोर्शे ही हात घालण्याजोगी मोटार आहे आणि ती नीट करणाऱ्याला गिऱ्हाईक आहे. तेव्हापासून गॅरेजचा कल पोर्शेकडे झुकला. मालकांचा मुलगा, त्याचंही नाव आलोइस, तेव्हा तेरा वर्षांचा होता.

याच १९६३ च्या सप्टेंबरमध्ये फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात पोर्शेने ३५६ ची वारसदार मांडली. तिचं नाव आधी ९०१ ठेवलं होतं. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर फ्रान्सच्या पूजो कंपनीने हक्क सांगितला, म्हणून ते ९११ झालं. दोन लिटरचं, सहा सिलिंडरचं, हवेने थंड होणारं इंजिन. ताकद १३० अश्वशक्ती. सिलिंडर तीन-तीन करून दोन्ही बाजूंना आडवे निजवलेले. आणि हे सगळं इंजिन मागच्या आसाच्याही मागे.

शेवटची ही गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे, कारण ९११ चं सुख आणि दुःख दोन्ही तिथूनच येतात. मागे वजन असल्यामुळे मागची चाकं रस्ता घट्ट धरतात आणि वळणातून बाहेर पडताना गाडी जोरात निघते. पण बैलगाडी उलार झाली की बैलांचं काही चालत नाही, तशीच अवस्था इथेही होऊ शकते. वेगात वळण घेताना चालकाने घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, तर भार एकदम पुढे सरकतो, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीचं शेपूट बाहेर फेकलं जातं. ९११ चालवायची ती समजून-उमजून. तिची दुरुस्ती करणाऱ्यालाही चाकांचे कोन, स्प्रिंगांचा ताठरपणा, टायरांची रुंदी यांत बारकाईने लक्ष घालावं लागतं. नुसतं इंजिन जमून भागत नाही.

दुसऱ्याची गाडी घेऊन ती अधिक चपळ करून देणाऱ्यांचा धंदा युरोपात तोवर चांगला रुजला होता. इटलीत कार्लो अबार्थ यांनी १९४९ मध्ये कंपनी काढली. सायलेन्सर विकत त्यांनी जम बसवला आणि फियाटच्या चिमुकल्या गाड्यांना शर्यती जिंकायला शिकवलं. इंग्लंडमध्ये जॉन कूपर यांनी मिनीला हात लावला. १९६१ मध्ये मिनी कूपर आली आणि १९६४ मध्ये तिने मोंटे कार्लो रॅली जिंकली. जर्मनीत बुर्कार्ड बोव्हेनझीपेन यांनी बीएमडब्ल्यूच्या इंजिनांसाठी जोड-कार्ब्युरेटरचे संच तयार केले आणि त्यातून १९६५ मध्ये अल्पिना उभी राहिली. १९६७ मध्ये हान्स वेर्नर आउफ्रेख्ट आणि एरहार्ड मेल्खर या दोघांनी मर्सिडीजवर काम करणारी एएमजी सुरू केली. चार वर्षांनी त्यांच्या अवाढव्य, शोफरने चालवायच्या थाटाच्या लाल मर्सिडीजने बेल्जियममधल्या स्पा इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत दुसरा क्रमांक पटकावला, तेव्हा प्रेक्षकांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. अल्पिनाचं बुखलोए हे गाव फाफेनहाउझेनच्या जवळच, स्वाबियातच आहे. मोटारींची मोठी नावं निघतात ती स्टुटगार्ट आणि म्युनिकमधून. त्या दोन शहरांच्या मधल्या शेतमुलुखात असे दोन कारखाने वाढावेत, ही या प्रदेशाच्या इतिहासातली अभिमानाची बाब आहे.

१९७४ मध्ये थोरले आलोइस रूफ गेले. मुलगा चोविसाव्या वर्षी गॅरेजचा मालक झाला. काळ मोठा कठीण होता. आदल्या वर्षी तेलाचं संकट आलं होतं. १९७३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात पश्चिम जर्मनीत चार रविवारी खासगी मोटारींना बंदी होती आणि लोक ऑटोबानवरून चालत फिरले होते. ताकदवान गाड्यांचे दिवस संपले, असं शहाणीसुरती माणसं म्हणत होती. नेमक्या त्याच वेळी, १९७४ च्या ऑक्टोबरमध्ये, पॅरिसच्या प्रदर्शनात पोर्शेने ९११ टर्बो मांडली. कारखान्यातला तिचा क्रमांक ९३०. इंजिन तीन लिटरचं, ताकद २६० अश्वशक्ती. धाकट्या रूफने आपलं नशीब याच गाडीशी बांधलं. रूफने सुधारलेली पहिली पोर्शे १९७५ मध्ये आली. १९७७ मध्ये टर्बोवर आधारलेली आणि इंजिन ३.३ लिटरपर्यंत वाढवलेली गाडी निघाली.

इथे टर्बो म्हणजे काय ते थोडक्यात सांगायला हवं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूत जोर शिल्लक असतो. त्या जोरावर एक चक्र फिरवायचं, त्याला जोडलेल्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबायची. हवा जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त जळतं आणि ताकद वाढते. अडचण अशी, की इंजिन पुरेशा वेगाने फिरत नाही तोवर त्या चक्रात जीव येत नाही. त्या काळच्या टर्बोत चालकाने ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच व्हायचं नाही आणि मग सगळी ताकद एकदम अंगावर यायची. वळणाच्या मधोमध ती आली तर ९११ चं शेपूट काय करेल, ते वर सांगितलंच आहे. ९३० ला ‘बायकांना विधवा करणारी गाडी’ असं टोपणनाव पडलं ते उगाच नव्हे.

त्यात पोर्शेने टर्बोला चारच गिअर दिले होते. नेहमीच्या ९११ चा पाच गिअरांचा गिअरबॉक्स टर्बोचा जोर सोसणारा नव्हता, म्हणून चार जाडजूड गिअरांची पेटी बसवली. इंजिनाला इतका जोर आहे की चार पुरेत, अशी कंपनीची भूमिका. कागदावर ती पटण्यासारखी होती. रस्त्यावर मात्र गिअरांमधली अंतरं फार मोठी पडायची. पुढचा गिअर टाकला की इंजिनाचे फेरे एकदम उतरायचे, टर्बोचं चक्र मंदावायचं आणि पुन्हा वाट बघणं आलं.

रूफचं मोठेपण या जागी दिसतं. ताकद वाढवून देणारे गल्लोगल्ली होते. दाबाचा स्क्रू थोडा पिळला की टर्बोची ताकद वाढते. रूफने गाडी चालवणाऱ्याची अडचण पाहिली. इंजिनाला जास्त जोर देण्याआधी आहे तो जोर सतत हाताशी राहील, याची व्यवस्था केली. १९८१ मध्ये रूफचा स्वतःचा पाच गिअरांचा गिअरबॉक्स टर्बोसाठी मिळू लागला. पोर्शेने टर्बोला पाचवा गिअर दिला तो १९८९ मध्ये, त्या मॉडेलच्या अगदी अखेरच्या वर्षी. मधली आठ वर्षं पाच गिअरांची टर्बो हवी असणाऱ्याला फाफेनहाउझेनची वाट धरावी लागली.

हे एकदाच घडलं असंही नाही. टर्बो नको, पण साध्या ९११ एससीहून थोडी जास्त ताकद हवी, असं म्हणणारे गिऱ्हाईक होते. त्यांच्यासाठी रूफने १९७८ मध्ये एससीआर काढली. टर्बोशिवायचं ३.२ लिटरचं इंजिन, २१७ अश्वशक्ती. पोर्शेच्या एससीचं इंजिन तेव्हा तीन लिटरचं, १८० अश्वशक्तीचं होतं. कंपनीची स्वतःची ३.२ लिटरची कॅरेरा यायला १९८३ साल उजाडावं लागलं. गावातलं गॅरेज कंपनीच्या पाच वर्षं पुढे होतं.

कंपनी मागे का राहिली, याला कारण होतं. पोर्शेचं लक्ष ९११ वर उरलंच नव्हतं. अर्न्स्ट फुअरमान हे तेव्हाचे प्रमुख. टर्बोला पाठबळ देणारे तेच, पण इंजिन मागे असलेल्या गाडीला फार भविष्य नाही, असं त्यांचं मत झालं होतं. १९७७ मध्ये पुढे आठ सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं इंजिन असलेली ९२८ बाजारात आली. हळूहळू ९११ बंद करून हिच्याकडे वळायचं, असा बेत होता. फुअरमान पायउतार झाले आणि १९८१ मध्ये बर्लिनमध्ये जन्मलेले, अमेरिकेत वाढलेले पीटर शुट्झ प्रमुख झाले. त्यांनी स्वतः सांगितलेली हकिकत प्रसिद्ध आहे. मुख्य अभियंता हेल्मूट बॉट यांच्या खोलीत भिंतीवर तक्ता होता. कोणतं मॉडेल किती वर्षं चालणार हे त्यावर रेघांनी दाखवलं होतं. ९२८ आणि ९४४ च्या रेघा पुढे गेलेल्या, ९११ ची रेघ १९८१ च्या अखेरीला थांबलेली. शुट्झनी मार्कर उचलला आणि ९११ ची रेघ तक्त्यावरून भिंतीवर आणि भिंतीवरून दारापर्यंत ओढत नेली.

कंपनीची स्वतःच्याच मोटारीवरची श्रद्धा ढळली होती त्या वर्षांत तिच्यावर निष्ठेने काम करत राहिलेल्या मोजक्या लोकांत आलोइस रूफ होते. ९११ टिकली याचं श्रेय शुट्झ यांना दिलं जातं आणि ते योग्यच आहे. पण या मोटारीत अजून किती दम आहे हे गिऱ्हाइकांना प्रत्यक्ष दाखवत राहिले ते रूफसारखे कारागीर, आणि त्यांना त्या श्रेयाचा वाटा मिळायला हवा.

त्याच १९८१ मध्ये रूफला उत्पादकाची मान्यता मिळाली. जर्मनीत गाडीत फेरफार करणं सोपं नाही. आपल्याकडे आरटीओचं पासिंग असतं, तशी तिथे ट्यूफची तपासणी. चाकाची रिंग बदलली तरी कागद लागतो, आणि ऑटोबानवर वेगाला मर्यादा नसलेले टप्पे असल्यामुळे तपासणारे ब्रेकपासून टायरपर्यंत सगळं काटेकोरपणे पाहतात. फेरफार करणाऱ्याची गाडी कागदोपत्री मूळ कंपनीचीच राहते. उत्पादक ठरलेल्याला आपल्या गाडीचा चेसिस नंबर स्वतः ठोकता येतो, आणि त्याबरोबर धूर, आवाज, ब्रेक, सुरक्षितता या सगळ्याची जबाबदारीही त्याच्यावर येते. पोर्शेच्या गाड्यांचा नंबर ‘डब्ल्यूपी०’ या अक्षरांनी सुरू होतो. रूफचा ‘डब्ल्यू०९’ ने. यातला डब्ल्यू जर्मनीचा, आणि तिसऱ्या जागेवरचा नऊ वर्षाकाठी थोड्याच गाड्या बांधणाऱ्या उत्पादकाची खूण.

हा नंबर ठोकलेली पहिली गाडी १९८३ ची बीटीआर. ३.४ लिटरचं टर्बो इंजिन, ३७४ अश्वशक्ती, पाच गिअर. रूफ आता पोर्शेकडून कोरे सांगाडे विकत घेत होता. इंजिन नाही, रंग नाही, नंबर नाही. नुसता पत्र्याचा देह. त्यावर पहिल्या वेल्डिंगपासून काम रूफच्या माणसांचं. जुन्या गाडीवाल्यांसाठी दुसरीही वाट होती: आपली ९११ घेऊन यायचं आणि तिच्यावर तेच काम करून घ्यायचं. दोन्ही प्रकारच्या गाड्या एकाच छताखाली तयार होत. आजही संग्राहक पहिला प्रश्न विचारतात तो हाच, की नंबर कुणाचा?

आता पिवळ्या गाडीकडे येऊ.

ऐंशीच्या दशकात गाड्या ‘सजवणाऱ्यांना’ ऊत आला होता. पसरट मडगार्ड, टेबलाएवढे पंख, आत पांढरं चामडं आणि टीव्ही. पैसेवाल्यांची अशा गाड्यांना मोठी मागणी होती. टर्बोचा रुंद सांगाडा तर त्या काळी प्रतिष्ठेचं लक्षण. ही पिवळी गाडी, म्हणजे सीटीआर, बांधताना रूफने तो नाकारला आणि साध्या कॅरेराचा अरुंद सांगाडा निवडला. कारण सरळ होतं: गाडी जितकी अरुंद, तितकी ती वाऱ्याला कमी अडते. छताच्या दोन्ही कडांना पावसाचं पाणी वाहून नेणारी पन्हाळी जुन्या ९११ वर असते. वेगात तिथे वारा अडतो. रूफच्या कारागिरांनी ती कापली, जोड वेल्डिंगने भरले आणि छत हाताने घासून सपाट केलं. आरसे बारीक केले. दारं, पुढचं बॉनेट आणि इंजिनाचं झाकण ॲल्युमिनियमचं केलं. सांगाडा ताठ राहावा म्हणून आत लोखंडी पिंजरा बसवला. एवढं करून गाडीचं वजन भरलं ११५० किलो. त्या काळच्या ९११ टर्बोहून जवळपास दोनशे किलो कमी.

इंजिन ३.४ लिटरचं, सहा सिलिंडरचं, हवेनेच थंड होणारं, पण टर्बो आता दोन. दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते, म्हणून ती गार करणारे दोन इंटरकूलर मागच्या मडगार्डांच्या आत दोन्ही बाजूंना बसवले. इंधन मोजून सोडण्याचं काम शर्यतीच्या पोर्शे ९६२ वर वापरल्या जाणाऱ्या बॉशच्या यंत्रणेकडे. सीटीआरमधला ‘सी’ हा ‘ग्रुप सी’ चा, म्हणजे ९६२ ज्या वर्गात धावत होती त्या वर्गाचा. कागदावर ताकद लिहिली ४६९ अश्वशक्ती. पोर्शेच्या तेव्हाच्या टर्बोची होती ३००. ब्रेक, चाकं, टायर सगळं या वेगाच्या हिशेबाने नव्याने निवडलं. बाहेरून पाहणाऱ्याला हे काही दिसत नाही. साधी, जरा ठेंगणी ९११ उभी आहे, एवढंच वाटतं. हा साधेपणाच तिचं खरं सौंदर्य आहे, आणि त्या भडक दशकात तो टिकवायला धैर्य लागलं असणार.

१९८७ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या ‘रोड अँड ट्रॅक’ मासिकाने जगातल्या वेगवान मोटारींची चाचणी ठेवली. जागा एरा-लेसिन. वोल्फ्सबुर्गजवळ, तेव्हाच्या पूर्व जर्मनीच्या सीमेलगत असलेली फोक्सवागनची ही चाचणीची जागा. तिच्यात जवळपास नऊ किलोमीटरचा सरळ रस्ता आहे. चालवायला होते फिल हिल आणि पॉल फ्रेर. हिल हे १९६१ चे फॉर्म्युला वन विश्वविजेते. फ्रेर बेल्जियमचे, १९६० मध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकलेले, शिवाय अभियंते आणि मोटार पत्रकार, ९११ वर ग्रंथ लिहिलेले. वय सत्तर. चाचणीला फेरारी होती, लॅम्बोर्गिनी होती आणि खुद्द पोर्शेची ९५९ होती. चारही चाकांना ताकद देणारी, संगणकाने ठेंगणी-उंच होणारी ९५९ म्हणजे त्या काळच्या तंत्रज्ञानाचं शिखर मानली जायची. ती ताशी ३२० किलोमीटरच्या अलीकडे थांबली. रूफची पिवळी गाडी ३३९ ला पोचली. पुढच्या वर्षी इटलीतल्या नार्दोच्या वर्तुळाकार मार्गावर सीटीआरने ३४२ गाठले.

त्या दिवशी एराला हवा ढगाळ होती. राखाडी उजेडात ती पिवळी गाडी उठून दिसत होती. मासिकाच्या मंडळींनी तिला ‘यलोबर्ड’ म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव कारखान्यात ठेवलेल्या नावाच्या वरचढ ठरलं.

वेगाचा आकडा मोडला जातोच. काही वर्षांतच इतर गाड्यांनी तो मोडलाही. यलोबर्डचं नाव पिढ्यान्‌पिढ्या टिकलं ते एका छोट्या चित्रफितीमुळे. आइफेल डोंगरातला न्यूर्बुर्गरिंगचा जुना मार्ग सुमारे २१ किलोमीटर लांब आहे. चढउतार, आंधळी वळणं, दोन्ही बाजूंना झाडी. रूफचे चाचणी-चालक श्टेफान रोझर यांनी तिथे ती गाडी चालवली आणि कॅमेऱ्याने ते टिपलं. गाडीला ना ब्रेक दाबल्यावर चाकं जाम न होऊ देणारी सोय, ना घसरण सावरणारं कुठलं यंत्र. रोझर जवळपास प्रत्येक वळणात तिचं शेपूट मुद्दाम बाहेर काढतात, उलट स्टिअरिंगवर गाडी तोलून धरतात, टायरांचा धूर मागे लोंबत राहतो. पायात साधे जोडे आणि पांढरे मोजे. ते पाय क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटरवर ज्या सहजतेने फिरतात, ते बघत राहावं असं आहे. ज्या गुणदोषाची सगळ्यांना भीती, त्या उलार स्वभावाशी मैत्री केलेला माणूस तिथे दिसतो. ती फीत आधी व्हिडिओ कॅसेटच्या प्रतींमधून फिरली, नंतर इंटरनेटवरून जगभर गेली.

रूफच्या नंबराने, कोऱ्या सांगाड्यापासून बांधलेल्या सीटीआर फक्त २९ निघाल्या. बाकीच्या गिऱ्हाइकांनी आणलेल्या गाड्यांवर झालेल्या. एवढ्या थोड्या गाड्यांचं नाव कोट्यवधी मुलांपर्यंत पोचलं याला आणखी एक कारण आहे. पोर्शेचं नाव संगणकीय खेळांत वापरण्याचे हक्क २००० ते २०१६ पर्यंत इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या एकाच कंपनीकडे होते. ‘ग्रान तुरिस्मो’सारख्या खेळांना पोर्शे दाखवता येईना. रूफ हा कायद्याने वेगळा उत्पादक, त्यामुळे त्याची गाडी दाखवता येत होती. ९११ च्या आकाराची, पण रूफ नावाची ती मोटार या खेळांतून घरोघर पोचली. आपल्याकडच्या अनेक तरुणांनीही रूफ हे नाव पहिल्यांदा तिथेच वाचलं. १९८१ च्या त्या सरकारी मान्यतेला असंही फळ येईल, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नसेल.

पुढची हकिकत भराभर सांगता येते. नव्वदच्या दशकाच्या आरंभी रूफने क्लचचं पेडल नसलेली, पण गिअर हातानेच टाकायची गाडी आणली. १९९५ मध्ये सीटीआरची दुसरी पिढी आली. १९९८ मध्ये पोर्शेने हवेने थंड होणारं इंजिन कायमचं बंद केलं. २००७ मध्ये रूफने इंजिन मधोमध असलेली तिसरी सीटीआर काढली, पुढच्या वर्षी विजेवर चालणारी प्रायोगिक गाडीही दाखवली. धाकटे आलोइस रूफ जलविद्युत केंद्रंही चालवतात, त्यामुळे विजेची गाडी ही त्यांच्यासाठी नुसती हौस नव्हती.

हवेने थंड होणाऱ्या ९११ चं उत्पादन थांबलं, तशी जुन्या गाड्यांची ओढ वाढली. २००९ मध्ये गायक रॉब डिकिन्सन यांनी लॉस एंजेलिसमध्ये सिंगर ही कंपनी काढली. १९८९ ते १९९४ दरम्यानची गिऱ्हाइकाची ९११ घ्यायची, शेवटच्या बोल्टपर्यंत सुटी करायची आणि साठ-सत्तरच्या दशकातल्या रूपात, पण आजच्या ताकदीने पुन्हा उभी करायची. सिंगरच्या कामातली नजाकत अजोड आहे. आज अशा पुनर्बांधणीचा जगभर मोठा व्यवसाय झाला आहे. जॅग्वार, अल्फा रोमिओ, लॅन्ड रोव्हर, कुठलीही जुनी गाडी त्यातून सुटलेली नाही. मात्र यांतल्या बहुतेक कारागिरांना मूळ गाडी आधी मिळवावी लागते, आणि तयार झालेली गाडी कागदावर मूळ कंपनीचीच राहते.

रूफने या प्रश्नाचंही उत्तर स्वतःच्या पद्धतीने शोधलं. यलोबर्डला तीस वर्षं झाली त्या २०१७ साली, जिनिव्हाच्या प्रदर्शनात, त्यांनी नवी पिवळी सीटीआर मांडली. दिसायला जुन्या ९११ सारखी. सांगाडा मात्र कार्बन फायबरचा आणि रूफने स्वतः बनवून घेतलेला. पोर्शेच्या पत्र्याचा त्यात भाग नाही. इंजिन ३.६ लिटरचं, दोन टर्बोंचं, आता पाण्याने थंड होणारं. ताकद ७१० अश्वशक्ती, गिअर सहा आणि तेही हातानेच टाकायचे. वजन सुमारे १२०० किलो. आजच्या लहानशा कौटुंबिक गाडीच्या वजनात एवढी ताकद बसवली आहे, आणि तरीही गाडी भडक दिसत नाही. तीस वर्षांपूर्वीचाच संयम इथेही पाळला आहे. मिळत नाही म्हणून बस बांधणाऱ्या माणसाच्या मुलाने, मिळत नाही म्हणून अख्खा सांगाडा बांधला.

या धंद्यात जी नावं मोठी झाली ती एकेक करून मोठ्या कंपन्यांच्या पोटात गेली. अबार्थ १९७१ मध्ये फियाटने घेतली. एएमजीचा मोठा हिस्सा १९९९ मध्ये डाइमलर-क्रायस्लरकडे गेला आणि २००५ पर्यंत ती पूर्ण त्यांची झाली. शेजारच्या बुखलोएतल्या अल्पिनाचं नाव २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूने विकत घेण्याचं ठरवलं. रूफची कंपनी अजून रूफ कुटुंबाकडेच आहे, फाफेनहाउझेनमध्येच.